अठरा घोड्यांची भानगड

तुम्हाला म्हणून सांगते, पुढे कुणाला बोलू नका. आमच्या कोल्हापूरच्या पेठेतल्या चांगल्या घरच्या, शिकल्यासवरलेल्या, भाचीच्या लग्नात फेटा बांधून मांडवाच्या दारात उभं राहणाऱ्या पुरुषांचं हल्ली काही खरं नाही. रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाला म्हणून बाहेर पडतात ते थेट उद्यमनगरात बुलेटच्या मिस्त्रींकडे पोचतात. मटण येतं दुपारी एकला. तेही काळ्याकुट्ट बोटांनी, पिशवीला ग्रीसचा वास लागलेला. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘जरा टॅपेट बघून घेतलं.’ टॅपेट बघायला चार तास! मुलगी बघायला गेले होते तेव्हा एवढा वेळ घेतला नव्हता यांनी.

मला यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते. मी आपली खिडकीत बसून लसूण सोलणारी बाई. पण खिडकी बोळाकडे उघडते, बोळात चार जुन्या बुलेट उभ्या असतात, आणि त्यांच्याभोवती माणसं उकिडवी बसून मोठमोठ्याने बोलत असतात. कानात कापूस घालून बसायचं का मी?

बँकेतून निवृत्त झालेल्या भावोजींचंच बघा. मुलाने पुण्याहून नवी कोरी गाडी धाडली. बटण दाबलं की सुरू, पुढेमागे डिस्क ब्रेक, मोबाइलला जोडता येते. ती बिचारी उन्हात करपतेय. शेडखाली कोण? १९८६ सालची बुलेट. आणि तिच्या अंगावर धूळ बसू नये म्हणून काय पांघरलंय माहीत आहे? वहिनींचं सुती इरकल! वहिनी म्हणाल्या, ‘अहो, ते मला अजून नेसायचंय.’ तर भावोजी शांतपणे म्हणाले, ‘मऊ कापडाने रंगाला ओरखडे येत नाहीत.’ यावर बाईमाणसाने काय बोलावं?

बरं, एवढं त्या गाडीत आहे तरी काय? ३४६ सीसीचं इंजिन, बिडाचा सिलिंडर, ७० मिलिमीटरचा बोअर, ९० चा स्ट्रोक, आणि सगळं मिळून ताकद १८ हॉर्सपॉवर. वजन दीडशे किलोच्या वर. कॉलेजातल्या पोरांच्या दीडशे सीसीच्या काही गाड्यांतसुद्धा आता एवढे घोडे निघतात. हे या मंडळींना पक्कं ठाऊक आहे. तरी अठराचे वीस करायचे म्हणून जो पैसा ओतला जातो, त्यात खरा घोडा आला असता, टांग्यासकट.

खापर फोडायचंच तर मी लष्करावर फोडीन. पन्नासच्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी सैन्याला दणकट मोटरसायकल हवी होती. इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्डकडे ३५० सीसीच्या ८०० बुलेटची मागणी गेली. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. आधी तिकडून भाग आणून जोडायचे, मग हळूहळू सगळंच इथे व्हायला लागलं. इंग्लंडमधल्या रेडिचच्या मूळ कंपनीने १९७० पर्यंत गाशा गुंडाळला, आणि आपल्याकडे तोच बिडाचा सिलिंडर या शतकाचं पहिलं दशक सरेपर्यंत निघत राहिला. सैन्याने वापरली म्हणून मेजरांनी घेतली, मेजरांनी घेतली म्हणून फौजदारांनी, आणि फौजदारांचं बघून गवळ्यांनी तिला किटल्या लटकवल्या. इथवर ठीक होतं. गवळी निदान रोज दूध तरी घालायचे. आमच्या बोळातल्या गाड्या घालतात काय, तर खाली तेलाचे ठिपके.

आता हे लोक म्हणतात, आम्हाला लांबचा पल्ला मारायचा आहे. कुठे? तर गोव्याला. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, एसटी सुखरूप नेते, वाटेत झोपही मिळते. पण वागातोरला दर हिवाळ्यात बुलेटवाल्यांचा मेळा भरतो, पूर्वी त्याला रायडर मेनिया म्हणत, आता मोटोव्हर्स म्हणतात. तिथे गाडी धापा टाकत पोचली तर कोल्हापूरची अब्रू जाते म्हणे. कोल्हापूरची! पंचगंगेला इतके पूर आले, त्यात गेली नाही, ती आता यांच्या पिकअपवर अडकलीय.

अब्रू वाचवायला पहिला हात पडतो स्प्रॉकेटवर. तालमीशेजारी राहणाऱ्या सरांनी पुढचं सोळा दात्यांचं काढून अठरा दात्यांचं बसवलं. आता हायवेला तेवढ्याच वेगात इंजिन कमी फिरतं, थरथर कमी होते, हे खरं. सर महिनाभर येईल त्याला धरून सांगत होते, ‘ऐंशीला नुसती गुणगुणते.’ मग आंबोलीचा घाट आला. दोन दाते जास्त म्हणजे चढाला ओढ कमी, एवढं साधं गणित, आणि माणूस गणिताचाच शिक्षक. तिसऱ्यात गाडी हुंदके द्यायला लागली, दुसऱ्यात टाकली तर मागून कौलांचा ट्रक हॉर्न मारायला लागला. मागे बसलेल्या बाईंनी आजतागायत त्या प्रवासाचा विषय काढू दिलेला नाही. सरांनी शेवटी सतरावर तडजोड केली. अठरा दात्यांचं ते चाक आता त्यांच्या टेबलावर पेपरवेट आहे, सहामाहीच्या पेपरांवर.

विमा एजंट आहेत ना कोपऱ्यावरचे, जगाला संकटाची आधी जाणीव करून देणारे, त्यांनी तर कमाल केली. हवेचा कंपनीचा डबा काढला आणि उघडा फिल्टर लावला. मागे मोकळ्या नळीसारखा सायलेन्सर. गाडीला श्वास मोकळा झाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. होऊ दे की. पण आत हवा जास्त घेतली तर पेट्रोलही त्या मानाने जास्त जायला हवं, म्हणजे कार्बोरेटरचा मेन जेट मोठा घालायला हवा, हे मला लसूण सोलता सोलता कळलं ते त्यांना कळू नये? जेट तोच ठेवला. निपाणीच्या पुढे उन्हात पिस्टन जाम. टेम्पोत घालून गाडी उद्यमनगरात आणली. मिस्त्रींनी प्लग काढून तळहातावर ठेवला. चांगल्या गाडीचा प्लग चहाच्या रंगाचा निघतो, काळा निघाला तर पेट्रोल जास्त. हा निघाला पांढराफेक. मिस्त्री म्हणाले, ‘सायेब, गाडी दुखत न्हाई, तुमी दुखवताय.’

आणि याच जेटचं उलटं नाटक लडाखला. तिथे हवा विरळ, म्हणून इथे बरोबर असलेला जेट तिथे जास्त पेट्रोल पाजतो, गाडी काळा धूर ओकते आणि ताकद निम्मी होते. म्हणून जाताना लहान जेट पुडीत बांधून न्यायचा आणि वर गेलं की बदलायचा. आमच्यातले जे लडाखला जाऊन आले, त्यांनी खारदुंग ला वरचा फोटो आणला, फलकासकट. फलक म्हणतो उंची १८,३८० फूट. नीट मोजणाऱ्यांच्या हिशेबाने ती ५,३५९ मीटर भरते, म्हणजे जवळपास आठशे फूट कमी. वाचून मला बरं वाटलं. फुशारकी फक्त आमच्याच बोळात मारतात असं नाही. त्या टूरमधली एक युक्ती मात्र मला आवडली, पुढे सांगू नका. चालू क्लच केबलच्या शेजारी दुसरी नवी केबल आधीपासूनच घालून, टेपने बांधून ठेवायची. पहिली तुटली की फक्त दोन टोकं जोडायची. एवढी दूरदृष्टी या माणसांनी घरातल्या गॅस सिलिंडरच्या बाबतीत कधी दाखवली?

सायलेन्सरचं प्रकरण मी मुद्दाम सावकाश घेतेय, कारण त्यात पोलीस आहेत. पंजाब, इंदोरी, लांब बाटली, आखूड बाटली, अशी त्यांची कुळं आहेत, आणि सोयरीक जुळवताना पाहतात तेवढ्या बारकाईने ती पाहिली जातात. ताकद किती वाढते? मिस्त्रींनी मला जिन्यात सांगितलं, ‘वैनी, आवाज वाढतोय. लोकास्नी वाटतं गाडी पळतीया.’ कायद्याला या कुळांशी काही देणंघेणं नाही. गोंगाट केला की दंड, आणि शहरोशहरीचे पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात. त्याचे फोटो पेपरात येतात तेव्हा बोळात सुतक पडतं. वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की कंपनीच्या मूळ घडणीत बदल केलेल्या गाडीची नोंदणी होणार नाही.

आता खरी बातमी. गाडीला पंधरा वर्षं झाली की आरटीओत पुन्हा नोंदणी, आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. त्या दिवशी गाडी सभ्य दिसावी लागते. पण सभ्य सायलेन्सर आहेत कुणाकडे? सगळ्यांनी केव्हाच भंगारात घातलेत. अख्ख्या पेठेत कंपनीचा अस्सल सायलेन्सर आता एकच उरलाय, आणि ज्याची तारीख असेल त्याच्या घरी तो आदल्या रात्री पोचता होतो, गोधडीत गुंडाळून. सकाळी आरटीओ, दुपारी परत गोधडीत. मी कुणाचं नाव घेतलं का? नाही ना? मग झालं.

एवढ्यावर थांबले असते तर मीही बोलले नसते. पण मग बोअर करायची टूम निघाली. कोल्हापूर म्हणजे लेथ आणि भट्ट्यांचं गाव, हाताला कारागीर मिळतात, हाच घात आहे. सिलिंडर झिजला की बोअर करून वरच्या मापाचा पिस्टन घालतात, ते समजू शकतं. यांनी न झिजलेला सिलिंडर बोअर केला. हेडमधल्या वाटा ओतकामात खडबडीत राहतात म्हणून त्या घासून चकचकीत केल्या. कुणी म्हणालं कॉम्प्रेशन वाढवा, वाढवलं. किक उलटी बसली आणि तो गृहस्थ आठवडाभर लंगडत होता. ऑफिसात सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला.

आणि नवा बोअर झाला की पहिले काही शे किलोमीटर गाडी चाळीस-पन्नासच्या वर न्यायची नाही, रिंगा बसायच्या असतात. म्हणजे वेग वाढवायला पैसे मोजले आणि फळ काय मिळालं, तर भावोजी शिरोलीच्या रस्त्याला पंचेचाळीसने चालले आहेत, पाठ ताठ, नजर समोर, आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर टेपवर लावणी वाजवत त्यांना मागे टाकून गेला. ट्रॅक्टरवाल्याने हातही केला. हे मला वहिनींनीच सांगितलं, त्या मागे बसल्या होत्या, आणि त्यांनी पदराने तोंड झाकून घेतलं होतं.

त्याच्या पुढची पायरी गाठलेलेही आहेत. ३५० चा सिलिंडर उतरवून ५०० चा चढवायचा, बोअर ७० चा ८४, स्ट्रोक तोच ९० चा. मग कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला कंपनीने दिलेला तरंगता बुश या ओझ्याला टिकेल का, म्हणून तो काढून रोलर बेअरिंग. मग ब्रेक अपुरे पडतात म्हणून पुढे डिस्क. मग अमुक. आरसी बुकात मात्र गाडी अजून ३५० च आहे, बायकोच्या आधार कार्डावरच्या फोटोइतकीच ओळखू येणारी. काही भाग तर आता इंग्लंडमधून मागवतात! तिथे हिचकॉक्स म्हणून दुकान आहे, आपल्या जुन्या बुलेटसाठी मोठे व्हॉल्व्ह, वेगळे कॅम असलं सगळं ठेवतात. इंग्रजांनी सोडून दिलेली गाडी आपण सांभाळली, आणि तिला नटवायचं सामान पौंडात मोजून परत त्यांच्याकडून घ्यायचं. छत्तीसगडच्या भिलाईत तर बुलेटचे दोन सिलिंडर एकाच क्रॅंककेसवर व्ही आकारात बसवून १००० सीसीची मोटरसायकल बनवायचा घाट घातला होता. ही बातमी मी अजून बोळात पोचू दिलेली नाही. कृपा करून तुम्हीही पोचवू नका.

आता जे सांगणार आहे त्यासाठी जरा जवळ या. आमच्या पेठेत पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत. माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पायी वारी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. हे काका दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी सकाळी पानपट्टीवर जातात आणि एक सुटी सिगारेट विकत घेतात! माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पानवाल्याला धक्का बसला, त्याने दोनदा विचारलं. पेठेत चर्चा झाली. काकूंच्या कानावर कसं घालावं यावर बायकांची एक बैठकसुद्धा झाली.

मी खिडकीतून पाळत ठेवली. काकांनी सिगारेट बोळात नेली, उभी फाडली, तंबाखू गटारात टाकला आणि कागदाची पातळ पट्टी, ठिणगीची वेळ साधणाऱ्या सीबी पॉइंटच्या दोन टोकांमध्ये सरकवली. प्लगच्या भोकातून तार घालून पिस्टन वर कुठे आलाय ते बघितलं. पिस्टन वरच्या टोकाच्या जेमतेम पाऊण मिलिमीटर अलीकडे असताना पॉइंट उघडायला हवेत. म्हणजे त्या क्षणी कागद सुटून हातात यायला हवा. आधी सुटला तर टायमिंग पुढे, नंतर सुटला तर मागे. पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ती नीट नसेल तर बाकीच्यांनी घातलेले मोठे जेट, मोकळे फिल्टर, घासलेली हेडं, सगळं पाण्यात.

मग टॅपेट. इंजिन थंडगार असतानाच, कारण तापलं की मापं बदलतात. सिलिंडरच्या बाजूची छोटी खिडकी उघडायची आणि आतला पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. माप एवढंच, बाकी बोटांना कळतं. काकांना ते पाच मिनिटांत जमतं. मग आमच्याकडे मटण दुपारी एकला का येतं, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला आणि घरात शांतता पसरली.

काकांच्या गाडीला काहीही जादा नाही. कंपनीचा कार्बोरेटर, कंपनीचा हवेचा डबा, सोळा दात्यांचं स्प्रॉकेट, आणि (आता तुमच्या लक्षात आलं असेल) पेठेतला तो एकमेव सायलेन्सर. ऑइल वेळेवर, चेनला ताण बरोबर, केबलला दोन थेंब. सुरू करताना डीकॉम्प्रेसर दाबून किक हळू खाली घेतात, अँपिअरचा काटा मधोमध आला की सोडतात, आणि एक किक. विठ्ठल म्हणेपर्यंत धडधड सुरू. गेल्या हिवाळ्यात सगळे मिळून गोव्याला निघाले तेव्हा काकांना मागे ठेवलं होतं, म्हातारा माणूस, रेंगाळेल म्हणून. काका सगळ्यांत आधी पोचले. बाकीचे फोंडा घाटात कुणाचा तरी कंडेन्सर बदलत बसले होते. याला काय म्हणावं? वयाचा काही मुलाहिजा?

त्याचा परिणाम भलताच झाला. आता सगळ्यांना ‘कंपनी फिटिंग’ हवंय. ज्यांनी मूळ कार्बोरेटर काढून फेकले ते आता अस्सल मिककार्ब शोधत फिरताहेत. ज्यांनी पत्र्याचे टूलबॉक्स काढून चामड्याच्या पिशव्या लावल्या, ते पुण्याच्या जुन्या बाजारात उन्हात उकिडवे बसून गंजलेली झाकणं उलटीपालटी करून बघताहेत. नाना पेठेत कुणाकडे जुन्या साठ्यातला माल निघाला असं कळलं की रात्रीच्या गाडीने माणसं निघतात. विमा एजंटांच्या बायकोने मागे जो सायलेन्सर भंगारवाल्याला किलोवर घातला होता, तोच त्यांनी परवा दसपट पैसे मोजून परत आणला म्हणतात. तोच कशावरून? तर त्यावरचा पोचा त्यांनी ओळखला. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख आठवत नाही या माणसाला.

काकांच्या दाराशी तर आता रविवारी रांग लागते. पानपट्टीवर सुट्या सिगारेटी संपतात आणि बोळाच्या गटारात तंबाखूच तंबाखू. महापालिकेचा झाडूवाला मला विचारत होता, ‘मावशी, इथं कुणी सोडली का काय?’

हे कमी होतं म्हणून की काय, काल संध्याकाळी वकिलांच्या दारात एक नवंच धूड येऊन उभं राहिलं. आवाज शेतातल्या पंपाचा. मी लसूण तसाच टाकून खिडकीला गेले. डिझेल बुलेट! टॉरस! नव्वदच्या दशकात कंपनीनेच काढली होती ती, ३२५ सीसी, ताकद साडेसहा हॉर्सपॉवर, जीव तोडून पळाली तर ताशी पासष्ट. सगळी पेठ गोळा झाली. भावोजी इरकल हातात घेऊनच आले. काकांनी माळ सावरत इंजिनाला कान लावला. आणि वकील काय म्हणाले असतील? कोटाची बाही वर सारत म्हणाले, ‘मिस्त्री, हिचा पिकअप वाढवायचाय.’